समजा दुखलं तर

४ सप्टेंबर

धाकट्यास,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. कागद वाजत नाही, त्यामुळे तो कट करता येत नाही. तुझ्या कंपनीच्या कचेरीत टाकते आहे. बोट पुढच्या बंदराला लागली की तुझ्या हातात पडेल, असं तिथल्या कारकुनाने सांगितलं.

आधी कामाचं. तुझ्या लेकीच्या शाळेतून सूचना आली आहे. दुसऱ्या सत्रापासून नववीच्या मुलांचे गणिताचे दोन वर्ग होणार, एक मोठ्या गणिताचा आणि एक साध्या गणिताचा. साधं घेतलं की पुढे यंत्रांचं, इमारतींचं, औषधांचं शिक्षण विसरायचं. कोणतं घ्यायचं ते मुलांनी आणि पालकांनी मिळून ठरवायचं आणि पालकांनी सही करायची. तू म्हणे रविवारी फोनवर भुंगीला सांगून मोकळा झालास, "साधं घे. आपल्या घरात गणित कुणाला आलंय?" ती "बरं बाबा" म्हणाली, फोन ठेवला आणि भांडी घासायला गेली. कुणी न सांगता. तुझी लेक कुणी न सांगता भांडी घासते, यावरून काय ते तूच ओळख.

तिचं भुंगी हे नाव तूच ठेवलंस, आठवतं? चित्र काढताना, वेणी घालताना, गणित सोडवताना सारखी गुणगुणायची म्हणून. तिची आई गेली आणि ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हाही आठ-पंधरा दिवसांत तिची गुणगुण परत आली होती. पण गेल्या सुट्टीत तू येऊन गेल्यापासून ती गणिताला बसली की घर चिडीचूप असतं. चित्र काढताना अजून गुणगुणते. मी कुणाला दोष देत नाही, फक्त कळवते आहे.

तू निघताना मी तुला "तू बोटीवरच बरा" म्हटलं, ते मागे घेणार नाही. पोरीच्या वहीसमोर टेबलावर हात आपटणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? पण माझ्यावरचा राग तिच्या गणितावर काढू नकोस. माझ्यावरच काढ, मी समर्थ आहे.

पुढच्या शुक्रवारी शाळेत पालकांसाठी एक तास ठेवलाय. सूचनेवर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'गणिताच्या तासाबद्दल पालकांना काय माहीत हवं'. तू समुद्रावर, म्हणजे जाणार मीच. दवाखान्यात अर्धी रजा मागितली, तर दातांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, तुम्ही आणि गणित?" इतकी वर्षं या माणसाच्या शेजारी उभी राहून लोकांच्या तोंडात नळी धरते आहे, तर त्याची ही किंमत. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या पेशंटांपेक्षा तरी तिथे जास्त बोलेन.

आशीर्वाद आहेतच. या खेपेला लिहीत नाही एवढंच.

ताई


१५ सप्टेंबर

धाकट्या,

गणिताच्या तासाला बसून आले. गुडघा अजून दुखतोय, कारण आम्हाला मुलांच्याच बाकांवर बसवलं होतं. मी सवयीने शेवटचा बाक धरला. तुला वाटेल हजेरी लावून, चहा पिऊन परत आले असेन. चहा नव्हताच. गणिताच्या बाई आल्या, खडू हातात घेतला आणि म्हणाल्या की माहिती देण्यापेक्षा तासच घेते, मुलांना काय वाटतं ते आपोआप कळेल. सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. दाराजवळच्या एका गृहस्थांना लगेच महत्त्वाचा फोन आला.

गणित फळ्यावर लिहिलं ते असं. वडिलांचं वय आज मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे, चौदा वर्षांनी ते दुप्पट होईल, तर आज दोघांची वयं किती? खडूचा शेवटचा ठिपका पडायच्या आत हार्डवेअरच्या दुकानाचे मालक ओरडले, "तीस आणि दहा!" आणि मागे वळून आमच्याकडे असे पाहू लागले की जणू आम्ही गिऱ्हाईक. बाईंनी चूक म्हटलं नाही की बरोबर म्हटलं नाही. तीस आणि दहा फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, चौदा वर्षांनी काय होईल? चव्वेचाळीस आणि चोवीस. दुप्पट कुठे झालं? मालक चष्मा पुसायला लागले. पण बाई ते पुसेनात. म्हणाल्या, हे उत्तर फार कामाचं आहे. चोविसाची दुप्पट अठ्ठेचाळीस, वडील कमी पडले, म्हणजे खरी वयं यापेक्षा मोठी आहेत, एवढं तर यानेच सांगितलं. त्यांच्या वर्गात चुकलेलं उत्तर तास संपेपर्यंत फळ्यावर राहतं. आपल्या वेळी चुकलेलं उत्तर फळ्यावर नाही, पाठीवर राहायचं.

मग खडूचं टोक माझ्याकडे वळलं. "शेवटच्या बाकावरच्या ताई. समजा मुलीचं वय क्ष, तर वडिलांचं किती?" मी म्हटलं, बाई, पोरीचंच वय माहीत नाही तर बापाचं कुठून सांगू? सगळे हसले, मलाही हसू आलं. बाई मात्र गंभीरपणे म्हणाल्या, "अगदी बरोबर. माहीत नाही, म्हणून तर नाव द्यायचं. नाव दिलं की न कळलेल्या गोष्टीशीही बोलता येतं." मी म्हटलं, मग बाप तीन क्ष. पुढचं सगळ्यांनी मिळून केलं. मुलगी निघाली चौदा वर्षांची आणि बाप बेचाळीसचा.

ही तुमचीच वयं की रे. बाईंनी मुद्दाम केलं असं वाटून विचारलं, तर म्हणाल्या की पुस्तकातलंच गणित आहे. मग जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी बसमध्ये घोळवत आले. बापलेकीच्या वयातलं अंतर कधीच बदलत नाही, तुमचं अठ्ठावीस वर्षांचं आहे आणि तेवढंच राहील. पण पट बदलत जाते. ती एक वर्षाची होती तेव्हा तू तिच्या एकोणतीसपट होतास. आज फक्त तिप्पट. ती अठ्ठावीसची होईल तेव्हा नुसता दुप्पट. कुणी पळत नाही की कुणी थांबत नाही, आणि तरी ती जवळ येत जाते. हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी गणिताचा इतका राग केला नसता.

शेवटी बाईंनी पालकांना माहीत हवं ते सांगितलं, तेही दारात उभ्या राहून, बोलता बोलता. माझ्या वर्गात पहिलं उत्तर देणाऱ्याला शाबासकी नाही, पहिला प्रश्न विचारणाऱ्याला आहे. घरी गणित सोडवून दाखवू नका, नुसते शेजारी बसा. "आणि कृपा करून मुलांसमोर असं म्हणू नका, की आपल्या घरात गणित कुणाला येत नाही. मुलं हे वाक्य दागिन्यासारखं जपून ठेवतात." सगळा वर्ग आपापल्या चपलांकडे बघायला लागला. मी तर तुझ्या वतीनेही बघितलं.

निघताना त्यांनी मला थांबवलं. भुंगीचं भूमितीत बरं आहे, आकडेमोडही चोख आहे. पण जिथे काहीतरी धरून चालायचं असतं, जिथे पहिलीच ओळ 'समजा' अशी लिहायची असते, तिथे तिचं पान कोरं. चुकीचंही काही नाही, कोरंच. का ते ती सांगत नाही. घरी विचारून बघा, म्हणाल्या.

विचारते. जेवत जा वेळेवर.

ताई


२६ सप्टेंबर

धाकट्या,

तुझा निरोप फोनवर मिळाला. सगळे मिळून चार शब्द: "तुला गणितातलं काय कळतं?" बोटीवर शब्दांची टंचाई असेल, असू दे. उत्तर देते. काही कळत नाही. पण का कळत नाही हे हल्ली थोडं कळायला लागलंय, आणि ते तुझ्याही उपयोगाचं आहे.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो. मुद्दाम तीच वेळ निवडली. हात कामात असले आणि एकमेकींकडे बघावं लागत नसलं, की ही पोर बोलते. मी विचारलं, समजा लिहायला काय जातं गं तुझं? तिने चादरीची दोन टोकं जुळवली, परत सोडली, परत जुळवली. मग म्हणाली, "आत्या, बाई समजा म्हणाल्या की मला वाटतं, आता समजलंच पाहिजे. नाही समजलं तर कुणीतरी चिडणार."

मला आधी उमगेना. मग आठवलं. सुट्टीत तू तिला घेऊन बसला होतास आणि दर ओळीला म्हणत होतास, "समजा आता! समजा बाईसाहेब, समजा!" तू लाडाने बाईसाहेब म्हणायला सुरुवात केलीस, आणि शेवटच्या 'समजा'ला तुझा हात टेबलावर आपटला. चहाचा कप पडला होता. तो तुला आठवत असेल, डाग अजून आहे. शब्द एकच आहे रे. बाई म्हणतात तो 'समजा' म्हणजे धरून चाला. तू म्हणत होतास तो म्हणजे डोक्यात घाला, आत्ताच्या आत्ता. पोरीला दोन्हींतला फरक ठाऊक आहे, ती काही बावळट नाही. पण बाई फळ्याकडे वळून 'समजा' म्हणाल्या की तिच्या कानात तुझा येतो. मग ती पेन खाली ठेवते आणि तास संपायची वाट बघते.

हे ऐकून मला तुझा राग यायला हवा होता, माझी तयारीही होती. पण मला आठवले आपले आण्णा. तेही टेबलावरच आपटायचे. तू तेव्हा पाचवीत होतास, आणि पुस्तक मिटून बाहेर पळायचास. आण्णांना वाटायचं तुला खेळायची घाई आहे. मला माहीत होतं तू जिन्याखाली जाऊन बसतोस.

भुंगीला मी आमच्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. खुर्चीत कुणीही बसलं, मग तो पहिलवान असो की शाळकरी पोर, तोंडात मशीन घालायच्या आधी डॉक्टर एकच वाक्य म्हणतात, "समजा दुखलं तर हात वर करा, मी थांबेन." आणि हात वर झाला की खरंच थांबतात. कधी चिडत नाहीत. गंमत म्हणजे हात वर करायची मुभा मिळाली की बहुतेकांना तो करावाच लागत नाही. मी म्हटलं, बाईंचा 'समजा' हा डॉक्टरांचा 'समजा' आहे. आधी म्हणायचा असतो, दुखायच्या आधी, समजायच्याही आधी. तिने विचारलं, "आणि नाहीच समजलं तर?" मी म्हटलं, तर हात वर. बाई थांबतील, मी बघून आले आहे.

तिने माझी साडी उचलली. घडी इतकी व्यवस्थित घातली, की मोडवत नाही.

ताई


९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

ऐक. तुझी बोट डोंगरावर चढली.

बाईंनी मुलांना आपापलं एक गणित रचून आणायला सांगितलं होतं. भुंगीने पहिली ओळ लिहिली, 'समजा, बाबांची बोट बंदरापासून क्ष मैलांवर आहे.' बोटीचा वेग तिने तुलाच विचारला होता, आधीच्या एका रविवारी तू सांगितल्याचं म्हणत होती. तुला वाटलं असेल पोरीला बोटीची हौस. मग सगळं मांडून फळ्यावर सोडवायला गेली, आणि उत्तर असं आलं की बोट बंदर सोडून, शहर ओलांडून थेट डोंगरात. सगळा वर्ग हसला. मला सांगताना तीच इतकी हसत होती की दोनदा थांबावं लागलं. मधल्या बंदरात माल उतरवायला बोट थांबते ते धरायचं राहिलं होतं. बाईंनी ते उत्तर पुसलं नाही. डोंगरावरची बोट तास संपेपर्यंत फळ्यावर राहिली, आणि मुलांनी तिला मिळून खाली पाण्यात आणलं.

त्या दिवशी ती घरी आली, दप्तर टाकलं, हात धुतले आणि वही उघडून बसली. मी आत पीठ मळत होते. आधी वाटलं शेजारच्यांचा रेडिओ आहे. मग हात तसेच पिठाचे घेऊन दारात येऊन उभी राहिले. गुणगुणत होती, धाकट्या. गणिताला बसून. मला इतका आनंद झाला की रडू आलं, आणि डोळे पुसायला हात स्वच्छ नव्हते.

मार्क म्हणशील तर अजून बेताचेच आहेत. चाचणीत निम्मी गणितं चुकली. पण कोरं पान एकही नाही. बाई म्हणतात, मोठ्या गणिताच्या वर्गात तिला जड जाईल, पहिले काही महिने रडेलही, पण जागा तिची तिथेच आहे.

आता सहीचं. या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत द्यायची आहे. बाईंनी स्पष्ट सांगितलं की आत्याची सही चालेल. पेन माझ्या पर्समध्येच असतं. मी सही केली की भुंगी मोठ्या गणितात जाईल आणि विषय मिटेल. पण मी करत नाही. काल तिला विचारलं, करू का? तर म्हणाली, "बाबांनी साधं घे म्हटलंय. त्यांना न सांगता नको." हे ती तुझ्या भीतीने म्हणाली नाही. तुझ्याशी खोटं वागायचं नाही म्हणून म्हणाली. पण तुला सांगायचं म्हटलं की तिचा आवाज जातो. गेल्या रविवारी तू काय विचारलंस आणि तिने काय सांगितलं, तर म्हणे जेवण काय होतं ते.

माझ्या सहीने तिला वर्ग मिळेल, बाप नाही मिळणार. पुढे दर गणिताला तिला वाटत राहील की हे बाबांच्या पाठीमागे चाललंय. म्हणून या खेपेला भांडत नाही, मागते आहे. तुझं मत बदल असंही म्हणत नाही. रविवारी फोन लावशील तेव्हा जेवण विचारू नकोस. गणित विचार, आणि ती बोलेपर्यंत थांब. तेवढंच. तिला वेळ लागतो. तुलाही लागायचा, जिन्याखालून बाहेर यायला.

तुझी ताई


२३ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

सही करून दिली. मोठ्या गणिताच्या रकान्यात. आणि बाईंना मुद्दाम सांगितलं की ही मुलीच्या वडिलांच्या सांगण्यावरून केली आहे, नुसती आत्याची नाही. बाई म्हणाल्या, वडिलांना नमस्कार सांगा. सांगितला.

रविवारचा फोन तू या खेपेला चित्राचा केलास. म्हणजे तिकडचं तुला सांगायची गरज नाही. पण फोनमध्ये तुला फक्त भुंगीचं तोंड आणि मागची भिंत दिसत होती. इकडचं राहिलेलं लिहिते.

मी टेबलाच्या पलीकडे, फोनच्या पाठीमागे बसले होते. उठून जाणार होते, तिने डोळ्यांनी बस म्हटलं. तू विचारलंस, "गणित कसं चाललंय?" तेव्हा ती किती वेळ गप्प होती ते तुलाही जाणवलं असेल. टेबलाखाली तिने माझं बोट धरून ठेवलं होतं, आवळून. तू थांबलास. तू मध्ये बोलला असतास तर ते बोट सुटलं नसतं. मग ते सुटलं, आणि ती म्हणाली, "बाबा, मला मोठं गणित घ्यायचंय." तू "का" म्हणालास. ते 'का' आण्णांच्या 'का'सारखं नव्हतं. तुझ्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं.

मग ती बापलेकीच्या वयाचं गणित घेऊन बसली. तू म्हणालास की मला कशाला सांगतेस, माझ्या डोक्यात नाही शिरणार. तेव्हा तिने अगदी आमच्या डॉक्टरांच्या सुरात सांगितलं, "समजा दुखलं तर हात वर करा बाबा, मी थांबेन." मला हसू आवरेना. तूही हसलास. मला वाटलं आता थट्टेत निभावून नेशील.

ती तिसऱ्या ओळीवर आली आणि बोलता बोलता थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळेना काय झालं, म्हणून मी वाकून फोनमध्ये बघितलं. तू हात वर केला होतास. इंजिनच्या तेलाने काळा झालेला, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"कुठून नाही समजलं?" तिने विचारलं. तू म्हणालास, "पहिल्या ओळीपासून. हा क्ष कुठून आला, तेच मला शाळेत असल्यापासून कळलेलं नाही. कधी विचारलं नाही कुणाला."

धाकट्या, हे तू मलाही कधी सांगितलं नव्हतंस. एवढी वर्षं इंजिनखोलीत काढलीस, वरच्या हुद्द्याच्या परीक्षेला कधी बसला नाहीस, आणि मी समजत होते तुझा आळस. लेकीनेही तसंच अडकू नये म्हणून तू तिला साधं घे म्हणत होतास. हे सरळ बोलला असतास तर आपलं भांडण झालं नसतं. कदाचित तरी झालं असतं, आपण आहोतच तसे.

तिने पान उलटलं. नवीन, कोरं पान घेतलं. आणि म्हणाली, "मग पहिल्यापासून. समजा, बाबा." इतकं हळू म्हणाली, की त्या शब्दात ओरडायचीही सोय असते हे मी विसरूनच गेले. पुढचं तू ऐकलंसच. चौदा आणि बेचाळीसवर येऊन तू एकदम म्हणालास, "अगं, हे तर आपणच!" ती म्हणाली, हो बाबा, कधीचं सांगतेय. आणि फोन ठेवताना तू म्हणालास, "घे मोठं."

'तू बोटीवरच बरा' हे मागे घेते. सबंध. सुट्टी कधी ते कळव. टेबलावरचा तो डाग मी तसाच ठेवलाय, येऊन तूच घास.

आणि एक. फोनमध्ये ते ऐकू येत नाही, म्हणून कळवते आहे. तुला शिकवत होती तो सगळा वेळ, दोन ओळींच्या मध्ये, ती गुणगुणत होती.

तुझी ताई